जादूच्या गोष्टी, उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि आपली मुलं

चरईकर

नमस्कार मंडळी.

ठाण्यात आमच्या भागातल्या एका प्रार्थना गटाकडे मुलांसाठी पुस्तकांचं कपाट आहे. मागच्या महिन्यात काही पालकांनी मागणी केली, की त्यातून हॅरी पॉटर, टॉल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि सी. एस. लुईसचं नार्निया ही सगळी पुस्तकं काढून टाकावीत, कारण जादूटोण्याला बायबलची सक्त मनाई आहे. बोलता बोलता विषय माझ्यापर्यंत आला. मी धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी-नववीच्या मुलांना शिकवतो आणि बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले निर्मितीचे सहा दिवस घड्याळाचे नव्हेत असं सांगतो. ‘खोट्या जादूची पुस्तकं ठेवायची आणि देवाच्या खऱ्या वचनाला मात्र गोष्ट म्हणायचं’ असा आरोप झाला. आरोप मनापासून केलेला होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

माझ्या मते दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. समोरचं लिखाण कोणत्या प्रकारचं आहे, हे न विचारताच ते वाचलं जातंय. ज्या मुलाला गोष्ट गोष्टीसारखी वाचता येत नाही, त्याला उत्पत्तीही धड वाचता येणार नाही.

आधी उत्पत्ती घेऊ. प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशावरून झाली? पहिल्या अध्यायात आधी झाडं, मग पशू आणि सर्वांत शेवटी माणूस. दुसऱ्या अध्यायात शेतातलं झुडूपही उगवलेलं नसताना माणूस मातीतून घडवला जातो, मग बाग लावली जाते आणि पशुपक्षी त्यानंतर येतात. डार्विनने १८५९ मध्ये पुस्तक लिहिलं म्हणून कोणाला हे दिसलं असं नाही. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला. देवाने सगळं एकाच क्षणी निर्माण केलं, दिवसांची मांडणी आपल्या आकलनासाठी आहे, असं त्यांचं मत होतं. त्याच ग्रंथात त्यांनी बजावलं आहे, की आकाश, पृथ्वी आणि ताऱ्यांविषयी बाहेरच्या माणसाला अनुभवाने जे ठाऊक असतं, त्याबद्दल एखादा ख्रिस्ती माणूस बायबलचा दाखला देऊन भलतंच बोलू लागला, तर तोच बाहेरचा माणूस पुनरुत्थानाबद्दल त्याचं का ऐकेल? आमच्या कॅथलिक चर्चची १९९२ ची प्रश्नोत्तरी (शिकवणीचा अधिकृत ग्रंथ) परिच्छेद ३३७ मध्ये स्पष्ट म्हणते, की निर्मितीचं काम सहा दिवसांच्या रूपाने प्रतीकात्मक रीतीने मांडलं आहे. म्हणजे वर्गात मी काही मनाचं शिकवत नाही.

आता जादू. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात शकुन पाहणं, मंत्रतंत्र करणं, मृतांना विचारणं यांना मनाई आहे आणि ती मी शंभर टक्के मानतो. पण ती मनाई ते करण्याला आहे. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसच्या लोकांनी पुस्तकं जाळली, ती जादू करण्याची पुस्तकं होती, ती करणाऱ्यांची स्वतःची होती आणि त्यांनी ती स्वखुशीने आणली होती. गोष्टींचं म्हणाल, तर शास्ते ९ मध्ये योथाम झाडांची गोष्ट सांगतो. झाडं आपल्यासाठी राजा शोधायला निघतात, जैतून नको म्हणतं, अंजीर नको म्हणतं, द्राक्षवेल नको म्हणते आणि शेवटी काटेरी झुडूप राजा व्हायला तयार होतं. बोलणारी झाडं! दावीद राजाने उरियाची बायको बथशेबा घेतली आणि उरियाला मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला एका श्रीमंताने हिसकावलेल्या गरीब माणसाच्या मेंढीची गोष्ट सांगतो. सरळ तोंडावर पाप दाखवलं असतं तर दाविदाने कदाचित बचाव केला असता. गोष्टीतल्या श्रीमंतावर तो भडकला आणि मगच ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे वाक्य त्याच्या काळजात घुसलं.

आणि टॉल्किन तर रोज मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाण्याची आस असलेला कॅथलिक होता. १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात त्याने मांडलं, की माणूस निर्मात्याच्या प्रतिमेत घडवलेला आहे म्हणून त्यालाही घडवावंसं वाटतं. देव शून्यातून निर्माण करतो. माणूस देवाने दिलेल्या वस्तूंतून दुसरं, धाकटं जग रचतो. हे देवाशी बरोबरी करणं नव्हे, त्याच्या अंगणात त्याच्याच मातीने काम करणं आहे.

मतं वेगळी असतील तर अवश्य लिहा.

वचनाधार (ऐरोली)

प्रभूची स्तुती असो. चरईकर, तुम्ही मनापासून लिहिलंत, मीही तसंच लिहितो. आम्ही सहा दिवस शब्दशः मानतो आणि त्यामागे अडाणीपणा नाही.

निर्गम २०:११ काढून पाहा. शब्बाथ (विश्रांतीचा सातवा दिवस) का पाळायचा? कारण परमेश्वराने सहा दिवसांत आकाश, पृथ्वी आणि समुद्र केले. इथे कविता नाही, आज्ञा आहे. दहा आज्ञांतले सहा दिवस खरे आणि त्यांचा आधार असलेले सहा दिवस मात्र चित्र, असं कसं?

पण माझा खरा प्रश्न दिवसांचा नाहीच. रोमकरांस ५:१२ मध्ये पौल म्हणतो, एका माणसामुळे पाप जगात आलं आणि पापामुळे मरण. पौलाचा सगळा युक्तिवाद एका आदामावर आणि एका ख्रिस्तावर उभा आहे. आदाम गोष्टीतला असेल तर त्याचं पापही गोष्टीतलं. मग क्रूस कशासाठी? शिवाय आदामाच्या आधी लाखो वर्षं प्राणी मरत होते असं मानलं, तर ‘देवाने पाहिलं आणि ते फार चांगलं होतं’ याचा अर्थ काय लावायचा? याचं उत्तर द्या. प्रकाश आधी का सूर्य आधी हा प्रश्न मला छळत नाही, देव सूर्याशिवाय प्रकाश देऊ शकतो. प्रकटीकरणात शेवटच्या नगरीलाही सूर्याची गरज नाही.

आणि हॅरी पॉटरबद्दल तुमच्याच एका दिवंगत पोपचं मत पाहा. बेनेडिक्ट सोळावे कार्डिनल असताना २००३ साली त्यांनी एका जर्मन लेखिकेला पत्रात लिहिलं होतं, की या पुस्तकांतली भुरळ सूक्ष्म असते, नकळत काम करते आणि ख्रिस्ती विश्वास नीट वाढण्याआधीच पोखरते.

खारीगावची_टीचर

सलाम. मी मराठी प्रॉटेस्टंट मंडळीतली. दोघांनाही एकच सांगायचंय: ‘कॅथलिक म्हणजे प्रतीकात्मक आणि प्रॉटेस्टंट म्हणजे चोवीस तास’ अशी वाटणी करू नका. आर्चबिशप अशर यांनी १६५० साली निर्मितीची तारीख इसवी सन पूर्व ४००४ च्या ऑक्टोबरमधली काढली हे खरं. पण शास्त्रवचन निर्दोष आहे असं ठासून सांगणारे प्रिन्स्टनचे धर्मपंडित बेंजामिन वॉरफील्ड उत्क्रांतीला बायबलविरुद्ध मानत नव्हते, आणि डार्विनची बाजू अमेरिकेत मांडणारे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आणि सगळे खडक-जीवाश्म नोहाच्या जलप्रलयाने तयार झाले, ही मांडणी मंडळ्यांमध्ये एवढी पसरली ती व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांच्या १९६१ च्या पुस्तकानंतर. त्याआधी ती मुख्यतः सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांकडे होती. वचनाधार, तुमचा रोमकरांस ५ चा मुद्दा मात्र वजनदार आहे. त्याला बगल देऊन चालणार नाही.

घणसोलीची_आई

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मी एवढी शिकलेली नाही की ऑगस्टीन वगैरे वाचेन. पण तिच्या मैत्रिणी मोबाइलवर बघून टॅरोचे पत्ते मांडतात, आत्म्यांना बोलावण्याचे खेळ खेळतात, आणि हे सगळं ‘मॅजिक’ या एकाच नावाखाली चालतं. मला भीती वाटते. कोणीतरी साधं सांगा, कुठे थांबवायचं?

चरईकर

ताई, तुमची भीती रास्त आहे. टॅरो आणि आत्मे बोलावणं हे थांबवाच. ती गोष्ट नाही, ती कृती आहे, अनुवाद १८ मधलीच. त्यात मुलगी स्वतः काहीतरी करते आणि लपलेलं कळावं, दुसऱ्यावर ताबा मिळावा असं तिला वाटू लागतं. आमच्या प्रश्नोत्तरीतही (२११६ आणि २११७) नेमकं हेच नाकारलं आहे.

पुस्तक हातात घेतल्यावर मी दोन गोष्टी बघतो. ताकदीबद्दल ते काय शिकवतं? आणि मरणाबद्दल? टॉल्किनच्या कथेत सर्वांत मोठी जादूची वस्तू म्हणजे ती अंगठी. सगळी कथा ती वापरण्याची नाही, ती टाकून देण्याची आहे. गॅन्डाल्फसारखा शहाणा जादूगारही ती हातात घ्यायला नाही म्हणतो, कारण चांगलं करायच्या इच्छेनेच ती त्याला बिघडवेल. मुलाला वधस्तंभाचा अर्थ समजावण्याआधी हे वाचून झालेलं असलं तर माझं काम हलकं होतं.

हॅरी पॉटरच्या शेवटच्या भागात दोन थडग्यांवर दोन वचनं कोरलेली आहेत. एक मत्तय ६:२१, जिथे तुझं धन तिथे तुझं मन. दुसरं १ करिंथकरांस १५:२६, शेवटचा शत्रू जो नाहीसा केला जाईल तो मृत्यू. खलनायक मरणाला भिऊन आत्म्याचे तुकडे करतो, नायक दुसऱ्यांसाठी मरायला स्वतःहून चालत जातो. तरीही त्या मालिकेवर माझी एक हरकत आहे: तिथे जादू जन्मजात मिळते आणि नियम मोडणाऱ्या मुलांचं फार वेळा कौतुक होतं. अकराव्या वर्षी पहिले भाग वाचायला हरकत नाही, पण शेवटचे काळोखे आहेत. तुम्ही बरोबर बसून वाचा.

वचनाधार, त्या पत्राचा मान ठेवतो. ते एका व्यक्तीला लिहिलेलं उत्तर होतं, चर्चचा आदेश नव्हता. व्हॅटिकनच्याच दैनिकाने २००९ मध्ये त्या मालिकेतल्या सहाव्या सिनेमाची, चांगलं आणि वाईट यांत स्पष्ट रेघ ओढल्याबद्दल, तारीफ केली. म्हणजे आमच्या घरातही एकमत नाही, आणि या विषयावर ते असायलाच हवं असंही नाही.

रोमकरांस ५ वर रात्री लिहितो. घाईत लिहिण्याचा विषय नाही.

बेलापूरचा_मास्तर

मी हिंदू, भौतिकशास्त्र शिकवतो. धागा आवडला म्हणून थोडं माझ्या बाजूचं.

विश्व प्रसरण पावतंय हे समीकरणांतून १९२७ मध्ये मांडणारा आणि १९३१ मध्ये ‘आद्य अणू’ची कल्पना देणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या सिद्धान्ताचा संबंध थेट ‘प्रकाश होवो’शी जोडला. लमेत्रला ते अजिबात रुचलं नाही. आपला सिद्धान्त उद्या चुकीचा ठरू शकतो, श्रद्धा त्याला बांधू नये, हे त्याचं मत होतं. दुसऱ्या बाजूला फ्रेड हॉइल. ‘बिग बँग’ हे नाव १९४९ च्या रेडिओ भाषणात त्यानेच दिलं, आणि विश्वाला आरंभ असणं त्याला पटत नसे. आपले जयंत नारळीकर त्याचे विद्यार्थी आणि सहकारी. म्हणजे धर्मगुरू आरंभ सांगतोय आणि नास्तिक तो नाकारतोय, आणि दोघंही गणितानेच भांडतायत. मला हे फार सुंदर वाटतं.

आमच्याकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त शेवटी विचारतं, ही सृष्टी कुठून झाली हे वरून बघणारा तो तरी जाणतो, की तोही जाणत नाही? तुमच्याकडे हा प्रश्न विचारायला मुभा आहे का?

खारीगावची_टीचर

मास्तर, आमच्याकडे ईयोबाचं पुस्तक आहे. तिथे प्रश्न उलट्या दिशेने येतो, देवच माणसाला विचारतो: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? तुमच्या सूक्तातला ऋषी ‘तो’ जाणतो का विचारतो, इथे ‘तो’ विचारतो तू जाणतोस का. आणि त्याच पुस्तकात लिव्याथान आहे, ज्याच्या तोंडातून मशाली निघतात, नाकपुड्यांतून धूर निघतो. ईयोब ४१ वाचा आणि मग सांगा, ड्रॅगनची पुस्तकं मुलांच्या कपाटात नकोत!

वचनाधार (ऐरोली)

लिव्याथान खरा प्राणी होता असं आम्ही मानतो, ताई. पण असो, मी चरईकरांच्या उत्तराची वाट बघतोय.

चरईकर

लिहितो.

वचनाधार, तुम्ही म्हणता आदाम गोष्टीतला झाला की क्रूस उभा राहायला जागाच उरत नाही. पण माझ्या चर्चने ‘आदाम ही नुसती गोष्ट’ असं कधी म्हटलेलंच नाही. १९५० मध्ये पायस बारावे यांनी मानवी शरीर आधीच्या सजीवांतून आलं का, हा अभ्यासाचा खुला प्रश्न मानला. आत्मा मात्र प्रत्येक वेळी थेट देवाकडून येतो हे ठाम ठेवलं, आणि मानवजात अनेक मूळ जोडप्यांपासून आली हे मत पहिल्या पापाच्या शिकवणीशी कसं जुळेल ते दिसत नाही, म्हणून त्याबाबत सावध केलं. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीला नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक मानलं. आणि प्रश्नोत्तरीचा परिच्छेद ३९० दोन्ही टोकं हातात धरतो: उत्पत्ती ३ ची भाषा चित्राची आहे, पण ती सांगते ती घटना घडलेली आहे, माणसाच्या इतिहासाच्या आरंभी.

चित्राची भाषा आणि घडलेली घटना एकत्र कशा? नाथानाकडे परत जा. मेंढी नव्हती, तो श्रीमंत नव्हता. पण उरिया मेला होता, बथशेबा राजवाड्यात होती आणि पाप शंभर टक्के घडलेलं होतं. गोष्टीने त्या घटनेला खोटं केलं नाही, उघडं केलं. फळ, साप आणि पानांची वस्त्रं यांतून माझ्या पहिल्या पूर्वजाचं नाही म्हणणं मला दिसतं. त्याचा पत्ता आणि तारीख मिळाली नाही म्हणून ते नाही म्हणणं कमी खरं होत नाही, कारण तेच मी रोज स्वतःत बघतो.

आदामाआधीचं मरण हा प्रश्न अवघड आहे, मी तो हलक्यात काढत नाही. पौल रोमकरांस ५ मध्ये मरण ‘सर्व माणसांवर’ आलं म्हणतो. सिंहाने हरीण मारण्याबद्दल तो तिथे बोलत नाही. स्तोत्र १०४ मध्ये तर सिंहाचे छावे गर्जना करून देवाकडे आपलं भक्ष्य मागतात, आणि स्तोत्रकर्ता त्यात देवाची कीर्तीच गातो. माझ्यापुरतं उत्तर हे. तुम्हाला ते अपुरं वाटेल हे मी समजू शकतो.

वचनाधार (ऐरोली)

स्तोत्र १०४ पतनानंतरच्या, म्हणजे आदामाच्या पापानंतरच्या, जगाबद्दल आहे, म्हणून तो दाखला मला लागू वाटत नाही. नाथानाचं उदाहरण मात्र मी विचारात घेतोय.

पण नार्निया? त्याला तर बहुतेक ख्रिस्ती लोक डोळे मिटून हो म्हणतात. शेवटच्या भागात एमेथ नावाचा शिपाई आहे, आयुष्यभर ताश नावाच्या खोट्या देवाची भक्ती केलेला, आणि अस्लान, म्हणजे ख्रिस्ताचं रूप असलेला सिंह, त्याला म्हणतो की तू ताशची म्हणून जी सेवा केलीस ती मी माझी धरतो. हे योहान १४:६ च्या विरुद्ध आहे, जिथे येशू म्हणतो की माझ्याद्वारे आल्याशिवाय कोणी पित्याकडे येत नाही. जादूपेक्षा मला हे जास्त धोक्याचं वाटतं, कारण हे गोड आहे.

चरईकर

या धाग्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा तुम्ही काढलात.

लुईसने तिथे ‘सगळे देव सारखे’ असं लिहिलेलं नाही. ताश आणि अस्लान एकच का, या प्रश्नावर अस्लान गुरगुरतो. दोघे इतके विरुद्ध आहेत की ताशच्या नावाने केलेलं सत्कृत्य ताशला पोहोचूच शकत नाही, आणि अस्लानच्या नावाने केलेलं क्रौर्य अस्लानला पोहोचत नाही. एमेथ शेवटी अस्लानच्याच पायाशी येतो, दुसऱ्या कोणाच्या नाही. योहान १४:६ तिथे मोडत नाही. माणूस त्या वाटेवर आहे हे त्याला स्वतःला कधी कळतं, एवढाच फरक. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये असंच शिकवलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.

आणि आपण मराठी ख्रिस्ती आहोत. नारायण वामन टिळक तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं सांगत. तो पूल कोणी बांधला होता? माझे शेजारी, माझ्या वर्गातल्या मुलांचे मित्र, सगळे बहुतेक हिंदू, काही मुसलमान. मुलं मला दर वर्षी विचारतात, ‘सर, माझा मित्र नरकात जाणार का?’ त्या मुलांना एमेथ द्यायला मला भीती वाटत नाही.

बेलापूरचा_मास्तर

चरईकर, तुमच्या वर्गातल्या त्या मित्रांपैकी मी एक समजा. आम्हाला तुमच्या हिशेबात जागा मिळावी म्हणून हे लिहीत नाही, पण तुम्ही हा प्रश्न मुलांना विचारू देता याचा आनंद झाला.

कुपारी_ठाण्यात

मी मूळचा वसईचा. सगळे टॉल्किन-लुईस करतायत, आपल्या घरचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या. पहिल्या पुराणात निर्मितीपासून जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. ते का लिहिलं हे ग्रंथातच आहे: ख्रिस्ती शिकवणीच्या वर्गात एक श्रोता पाद्रीला म्हणतो, आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? विचार करा. पुस्तकं काढून घेतली की काय होतं ते चारशे वर्षांपूर्वी शिकवणीच्या वर्गातल्या माणसाने सांगितलं, आणि एका इंग्रज जेझुइटाने (येशूसंघाच्या धर्मगुरूने) ते ऐकलं. निर्मितीची कथा त्याने ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात सांगितली. कपाट रिकामं करणाऱ्या पालकांनी त्या जागी काय ठेवायचं ते आधी सांगावं.

पुढचंही ऐका. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवरच बंदी घातली. ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. हस्तलिखितं लोकांनी जपली आणि त्यांवरून १९०७ मध्ये मंगळुरात ते पुन्हा छापलं गेलं.

ठाण्याबद्दलही थोडं. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू इथे आले आणि इथेच मारले गेले. त्यांना आसरा दिला तो ठाण्यात आधीपासून राहणाऱ्या नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांनी, ज्यांच्याशी रोमचं ४३१ च्या इफिस परिषदेपासून ख्रिस्ताच्या स्वरूपावरून पटत नव्हतं. सिद्धान्तात न पटणाऱ्यांनी एकमेकांना घरात घ्यायचं, हे आपल्या गावात जुनं आहे.

उपवन_वाचक

टॉल्किनवर थोडं जास्त लिहितो, कारण चरईकरांनी दिलेली बाजू जरा एकतर्फी झाली. त्याच्यावर धर्माच्या नजरेतून आक्षेप घेणारे बाहेरचे नव्हते, कॅथलिकच होते. १९५४ मध्ये ऑक्सफर्डच्या एका कॅथलिक पुस्तकदुकानाचा व्यवस्थापक पीटर हेस्टिंग्ज याने त्याला पत्र लिहिलं. त्याच्या कथेतले एल्फ (माणसांहून वेगळी, दीर्घायुषी जमात) मेल्यावर पुन्हा जन्म घेतात, पण देवाने आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याच निर्मितीत ही रीत वापरलेली नाही. मग हे धाकट्या निर्मात्याच्या हद्दीबाहेर नाही का? आणखी एक: कथेतला वृक्षरक्षक म्हणतो की काळोखाच्या स्वामीने ट्रोल (राक्षस) बनवले, पण वाईटाला निर्माण करता येत नाही ना?

टॉल्किनने लांबलचक उत्तर लिहिलं आणि मग ते पाठवलंच नाही. आपण स्वतःला फार महत्त्व देतोय असं त्याला वाटलं. उत्तराचा गाभा असा: निर्मात्याने वापरलेल्या ठाऊक वाटांपुरतंच राहायचं नसणं, हेच तर धाकट्या निर्मितीचं काम आहे. देवाच्या शक्यता अनंत आहेत, त्यातली न वापरलेली एखादी कल्पून पाहणं ही त्या अनंततेलाच दिलेली मानवंदना. ट्रोलांबद्दल तो म्हणतो, वृक्षरक्षक हे पात्र आहे, मी नव्हे. आणि ऑर्क (खलनायकाचे दुष्ट सैनिक) हे काळोखाच्या स्वामीने बनवलेले नाहीत, आधीच असलेल्या जिवांना त्याने बिघडवलंय. हा ऑगस्टीनचाच विचार आहे, वाईट म्हणजे स्वतंत्र वस्तू नव्हे, चांगल्याची उणीव. पण ऑर्कांचा प्रश्न त्याला आयुष्यभर सुटला नाही. त्यांना आत्मा असेल तर तारणही शक्य हवं, मग कथेत त्यांना एवढं बिनदिक्कत कसं मारलं जातं? काल्पनिक जग रचतानासुद्धा माणूस सिद्धान्ताला इतका जपतो, हे बघून मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

घणसोलीची_आई

मग आम्ही दोघी कशापासून सुरुवात करू? सांगा.

चरईकर

ताई, नार्नियातला सृष्टी घडण्याचा प्रसंग आहे ना, १९५५ च्या ‘जादूगाराचा भाचा’ या भागात, तिथून करा. अंधार आहे, काहीच नाही, आणि सिंह गात गात तारे, डोंगर, गवत, पशू अस्तित्वात आणतो. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर उत्पत्ती १ मोठ्याने वाचा. मग तिलाच विचारा, दोन्हीत सारखं काय आणि वेगळं काय. आपण काही शिकवायचं नाही, ऐकायचं. आणि गोष्टीत मामा जादू कशासाठी करतो हेही विचारा. त्या एका प्रश्नात टॅरोच्या पत्त्यांचा विषय आपोआप निघेल.

वचनाधार (ऐरोली)

उपवन_वाचक यांच्या पोस्टमुळे मी टॉल्किनची निर्मितीकथा काल वाचली, ‘सिल्मरिलियन’च्या सुरुवातीची. लहान आहे. खोटं बोलणार नाही, वाचताना ईयोब ३८:७ आठवलं, जेव्हा पहाटेचे तारे एकत्र गायले.

पण हरकत आहे. तिथे एरू, म्हणजे त्या कथेतला देव, देवदूतांसारख्या आत्म्यांना सूर देतो आणि ते त्याच्याबरोबर विश्वाचं गाणं रचतात. यशया ४४:२४ म्हणतो, आकाश मी एकट्याने पसरलं. निर्मितीत भागीदार नाही. हे मुलांना कसं सांगाल?

चरईकर

हरकत योग्य जागी आहे. कथेत जरा पुढे बघा. आत्मे गातात, त्यांतला बंडखोर मेल्कोर मध्येच स्वतःचा बेसूर घालतो, मग एरू त्यांना त्या गाण्याचं दर्शन दाखवतो. पण तोवर काहीही अस्तित्वात नसतं. अस्तित्व येतं ते एरू स्वतः ‘असो’ म्हणतो तेव्हा. मेल्कोर अविनाशी ज्योत शून्यात शोधत फिरतो आणि त्याला ती मिळत नाही, कारण ती एरूपाशीच आहे. रचना करायला दिली, असणं कोणालाही दिलं नाही. शून्यातून निर्मितीचं सर्वांत स्पष्ट वचन आमच्या बायबलमध्ये २ मक्काबी ७:२८ ला आहे, जिथे आई आपल्या शेवटच्या मुलाला मरणाच्या दारात हेच सांगते. तुमच्या बायबलमध्ये ते पुस्तक नाही, पण इब्री ११:३ आहे. त्यावर आपलं एकमत आहे.

वचनाधार (ऐरोली)

इब्री ११:३ वर एकमत. भागीदारीवर अजून नाही. तुमच्या गटाची पुढची बैठक कधी आहे? बाहेरच्या माणसाला येऊ देत असाल तर मी येतो. कपाटातली पुस्तकं काढायच्या आधी ती वाचून बोलावं असं मी तिथे सांगेन, आणि रोमकरांस ५ वर तुमचं उत्तर पुरेसं नाही हेही सांगेन.

चरईकर

या की. रविवारी मिस्सेनंतर असते. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो.